ड्रुपल 10 वरून 11 वर: तारीख कशी ठरवली

आकाशनिरीक्षणाच्या नोंदी ठेवणारी माझी साइट ड्रुपल या साइट चालवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर आहे, आणि अजून त्याच्या आवृत्ती 10 वर. ड्रुपल 11 ऑगस्ट 2024 मध्ये आलं, आणि मी अपग्रेड मुद्दाम लांबवलं. आता मात्र कामाला हात घातलाय. कुठवर आलो ते लिहितोच, पण तारीख ठरवताना कशाकडे बघितलं ते जास्त खोलात सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला काढतो. सुरक्षेचे पॅच (भगदाड बुजवणाऱ्या छोट्या दुरुस्त्या) या हिशेबात धरायचेच नाहीत. ते आले की लावायचे. कोअरच्या, म्हणजे ड्रुपलच्या मूळ गाभ्याच्या, सुरक्षा-पॅचसाठी महिन्यातला तिसरा बुधवार राखलेला असतो, म्हणून त्या दिवशी मी दुसरं काही ठरवत नाही. 15 ऑक्टोबर 2014 ला ड्रुपल 7 मधलं एसक्यूएल इंजेक्शनचं (बाहेरून डेटाबेसमध्ये हुकूम घुसवता येण्याचं) भगदाड जाहीर झालं, तेव्हा सुरक्षा पथकाने नंतर सरळ सांगितलं होतं: सात तासांच्या आत पॅच लावला नसेल तर साइट फोडली गेली असं धरूनच चाला. 2018 च्या मार्चमध्ये तसंच गंभीर प्रकरण निघालं, तेव्हा पॅच येणार हे आठवडाभर आधी कळवलं, लोकांनी वेळ मोकळा ठेवावा म्हणून. इथे 'थोडं थांबून बघू' म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मोठ्या आवृत्तीचं गणित वेगळं. 8 वरून 9 ला जाताना ड्रुपलने जी पद्धत धरली ती अजून चालू आहे: आधीच्या शाखेत 'हे पुढे काढणार' अशी खूण केलेला कोड नव्या आवृत्तीतून गायब होतो, आणि ड्रुपल ज्यावर उभं आहे ती सिम्फनीसारखी लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) नवी येते. त्यामुळे पहिल्या दिवशी 11 वर गेलो असतो तरी निरीक्षण नोंदवणाऱ्यांना पडद्यावर फारसं काही वेगळं दिसलं नसतं. अपग्रेडचं खरं काम 10 वर असतानाच करायचं असतं, जुन्या खुणा एकेक करून साफ करत. शेवटची उडी मग छोटी राहते.

थांबण्याला शेवटची सीमा मात्र आहे. ड्रुपल 10 चा पाठिंबा डिसेंबर 2026 मध्ये संपतो. ही तारीख पुढे ढकलली जाईल अशी आशा कुणी धरू नये. ड्रुपल 7 च्या वेळी ती 2021 वरून सरकत सरकत 5 जानेवारी 2025 पर्यंत गेली खरी, पण तिथे 7 वरून 8 ला जाणं म्हणजे साइट जवळजवळ नव्याने बांधणं होतं, म्हणून ती सवलत. ड्रुपल 8 ला अशी सवलत मिळाली नाही. त्याच्या खालच्या सिम्फनी 3 चा पाठिंबा संपत आला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये 8 बंद झालं. कोअरची तारीख कोअरच्या हातात नसते, ती खालच्या थरांवरून ठरते.

म्हणून मी तळापासून सुरुवात केली. ड्रुपल 11 ला किमान पीएचपी (ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय ती) 8.3 लागतं. ड्रुपल 10 ची अलीकडची आवृत्तीही 8.3 वर चालते, तेव्हा आधी फक्त पीएचपी बदललं आणि कोअरला हात लावला नाही. काही बिघडलं तर कशाने बिघडलं हे कळायला हवं. झालं असं की मी लिहिलेल्या चंद्रकलेच्या मॉड्यूलने (ड्रुपलला जोडायचा कोडचा तुकडा) लॉग इशाऱ्यांनी भरून टाकला, कारण आधी जाहीर न केलेले गुणधर्म ऑब्जेक्टला चिकटवणं पीएचपी 8.2 पासून नापसंत ठरलंय. साइट चालू होती, पण ते इशारे राहू दिले असते तर पुढच्या खऱ्या चुका त्या गर्दीत दिसल्या नसत्या. क्लासमध्ये गुणधर्म नीट जाहीर केले आणि लॉग शांत झाला.

मग अपग्रेड स्टेटस मॉड्यूल चालवलं. ज्यांनी ते अजून वापरलं नाही त्यांनी उडी मारायचा विचार नसला तरी चालवून बघा. कुठलं मॉड्यूल तयार आहे, कुठल्याला नवी आवृत्ती हवी, स्वतःच्या कोडमधली कुठली ओळ 11 वर मोडेल, सगळं समोर येतं. माझ्याकडे तीन गोष्टी अडल्या.

निरीक्षकांसाठीची मार्गदर्शिका बुक मॉड्यूलवर आहे, आणि 11 च्या कोअरमधून बुक काढलंय (फोरम, स्टॅटिस्टिक्स, टूरही गेले). ते स्वतंत्र मॉड्यूल म्हणून मिळतं, फक्त कोअर बदलण्याआधी, 10 वर असतानाच बसवायचं. त्याच नावाचं मॉड्यूल बाहेरून आलं की ड्रुपल कोअरमधलं सोडून तेच उचलतं, प्रकरणांची रचना जशीच्या तशी राहते. हे क्रमाने केलं तर पाच मिनिटांचं काम.

दुसरी अडचण 11 सोबत येणाऱ्या जेक्वेरी 4 ची (जेक्वेरी म्हणजे जावास्क्रिप्टची एक लायब्ररी). तारकासमूहांच्या तक्त्यासाठी लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्टमध्ये ट्रिम आणि इज-अ‍ॅरे ही जेक्वेरीची फंक्शन्स होती, ती आता काढलीत. जावास्क्रिप्टची स्वतःची फंक्शन्स वापरली, विषय संपला. वर्डप्रेसवाल्यांना ऑगस्ट 2020 आठवत असेल: 5.5 मधून जेक्वेरी मायग्रेट (जुनी जेक्वेरी फंक्शन्स चालू ठेवणारी जोड) काढलं आणि कितीतरी जुने प्लगइन एका रात्रीत मोडले. शून्यावर संपणारी, म्हणजे मोठ्या बदलानंतरची पहिलीच, आवृत्ती थेट साइटवर टाकायची नाही, हा माझा नियम तिथूनच पक्का झाला.

तिसरी अडचण खरी, आणि तारीख तिनेच लांबवली. नकाशावर निरीक्षणाची जागा दाखवणारं एक छोटं मॉड्यूल 11 साठी तयार नव्हतं. त्याच्या इश्यू रांगेत (तक्रारी आणि दुरुस्त्यांच्या यादीत) पॅच होता, पण बराच काळ कुणी हललं नाही. पॅच लावून पुढे जाता आलं असतं. मी स्वतःला विचारलं: उद्या यात सुरक्षेची गोष्ट निघाली तर दुरुस्त कोण करणार? उत्तर 'मीच' असं आलं, तेव्हा मॉड्यूल काढून टाकलं. अक्षांश-रेखांश साध्या आकड्यांच्या रकान्यात हलवले, यादी व्ह्यूजने (ड्रुपलचं याद्या बनवणारं मॉड्यूल) दाखवली. नकाशा गेला. दोन नियमित निरीक्षकांनी नाराजी कळवली, ती मान्य आहे.

सध्या स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणीच्या प्रतीवर, 11 चालू आहे. डेटाबेस अपडेट एकदा चालवला की मागे येण्याचा रस्ता नसतो, बॅकअपच काय तो आधार. म्हणून बॅकअप नुसता घेतला नाही, रिकाम्या डेटाबेसवर उतरवून साइट उघडून पाहिली. चित्रांच्या फायली वेगळ्या ठेवलेल्या असतील तर त्याही सोबत उतरवून बघा, डेटाबेसच्या डंपमध्ये त्या येत नाहीत.

थेट साइट पौर्णिमेच्या आसपास बदलेन. चांदण्यात अंधुक वस्तू दिसत नाहीत, त्या रात्रींत नोंदी थोड्याच येतात, आणि साइट तासभर बंद राहिली तरी कुणाचं अडत नाही. तो आठवडा तिसऱ्या बुधवारचा निघाला तर पुढची पौर्णिमा.