गुणाचं पोर

आधीच सांगून टाकते, त्या रात्री 'सात नंबर, बाळ ठीक' हे मीच वहीत लिहिलं होतं. पीएनसी, म्हणजे बाळंतिणींचा वॉर्ड तुडुंब, ड्यूटीला मी एकटी नर्स. चार्ज घेताना खाटेजवळून गेले, बाळ दुपट्यात शांत झोपलेलं दिसलं आणि पुढे सरकले. हात लावला नाही.

बाराच्या सुमाराला त्या बाळाची आजी आपणहून कौतुकानं म्हणाली, "सिस्टर, लई गुणाचं हाय आमचं पोरगं. दुपारधरनं एकदाबी रडलं न्हाई."

दुपारधरनं! जेमतेम दोन किलोचं बाळ दोन-दोन तासांनी पाजायला हवं. "झोपलंय तर कशाला उठवायचं?" असं आजीचं म्हणणं. आई बिचारी दमून निपचित पडलेली.

दुपटं उघडलं. डोक्यावर टोपी नाही, लंगोट ओला, वर पंखा गरगरतोय. अंगावरचा पांढरा चिकट थर 'घाण' म्हणून आजीनं ओल्या फडक्यानं पुसून काढलेला. पालथा हात आधी पोटाला लावायचा, मग पावलांना. पोट गरम आणि पावलं गार असली, तर गारठा नुकताच लागतोय. दोन्ही गार, तर बाळ गारठलंच. पावलं माठाच्या बुडासारखी होती. पोटही गारच.

काखेत थर्मामीटर: ३५.२ सेल्सिअस. साडेछत्तीसच्या खाली जायला नको असतं. तळव्यावर टिचकी मारली, तर तोंड वाकडं केलं, आवाज निघाला नाही. छातीवर बोट दाबून सोडलं. रंग परत यायला चार सेकंद लागले, तीनच्या आत यायला हवा. टाचेच्या कडेला टोचून रक्तातली साखर पाहिली. २८, फारच कमी.

एवढ्याशा जिवाच्या अंगात चरबी ती किती! ऊब धरायला साखर जाळायची, साखर संपली की चोखायचं बळ जातं, आणि बळ गेलं की बाळ 'गुणी' होतं.

छातीशी धरून एसएनसीयूत, आजारी नवजात बाळांच्या कक्षात, पळाले. ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली ठेवलं. शीर सापडेना, तिसऱ्या खेपेला डॉक्टरांना मिळाली. १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन, किलोला दोन मिली, म्हणजे जेमतेम चार मिली. चहाचा चमचाही भरणार नाही! मग ड्रिप. अर्ध्या तासानं साखर ६१. तीनच्या पुढे ते असं रडलं, की शेजारच्या वॉर्मरवरचंही उठलं.

आजी दाराबाहेर फरशीवर बसून होती. "माझंच चुकलं का वं?"

"आजी, चुकलं दोघींचं," म्हटलं. वहीत खाडाखोड चालत नाही. 'बाळ ठीक'च्या खाली वेळ टाकून खरं काय ते लिहिलं आणि सही केली. सकाळी इनचार्ज सिस्टरांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत, ते जास्त लागलं.

चौथ्या दिवशी बाळ वॉर्डात परतलं. आईला ताप होता, म्हणून बाळाला अंगाची ऊब द्यायला, 'कांगारू'ला, आजीच बसली. पोलक्याच्या गुंड्या सोडून बाळ छातीशी उभं धरलेलं, वरून लुगड्याचा पदर, बाळाला लाल टोपी. आणि एका हातानं शेजारच्या खाटेवरच्या नव्या आजीला सांगत होती, "अगं, तसा न्हवं. उलटा हात लाव. आधी पोटाला."