गाणी चांगली, पब्लिक नाही

कोल्हापुरातल्या एका चित्रपटगृहात मी 1997 साली तिकीटखिडकीवर कारकून म्हणून लागलो आणि आज तिथेच व्यवस्थापक आहे. एवढ्या वर्षांत शेकडो शुक्रवार पाहिले. पण 30 ऑगस्ट 2024 चा शुक्रवार मी कधी विसरणार नाही, कारण त्या संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने लिहिलेला एक शेरा तेवीस वर्षांनी माझ्यासमोर खोटा ठरला, आणि तो खोटा ठरताना पाहून मला मनापासून आनंद झाला.

चित्रपट होता ‘रहना है तेरे दिल में’. तो पहिल्यांदा लागला 19 ऑक्टोबर 2001 रोजी. त्या वर्षी ‘लगान’ आणि ‘गदर’ एकाच दिवशी, 15 जूनला येऊन गेले होते, ऑगस्टमध्ये ‘दिल चाहता है’ आला होता आणि प्रेक्षकांच्या अपेक्षा फार वाढलेल्या होत्या. त्यातून आमच्याकडे नवरात्र चालू होते. नवरात्रात सारे कोल्हापूर अंबाबाईच्या दारात असते, त्याच आठवड्यात त्र्यंबोलीची यात्रा असते, आणि रात्रीच्या खेळाला हक्काने येणारी घरची मंडळी दर्शनाच्या रांगेत उभी असतात. तरीही आम्हाला आशा होती, आणि तिचे कारण अगदी स्थानिक होते. नायक माधवन हा आमच्या राजाराम कॉलेजमधून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन गेलेला मुलगा. मणिरत्नम यांच्या तमिळ चित्रपटामुळे दक्षिणेत त्याचे नाव झाले होते, आणि नायक म्हणून हिंदीत तो प्रथमच येत होता. त्याच्यासोबत शिकलेले काही जण पहिल्या दिवशी आवर्जून आले आणि तो पडद्यावर दिसताच त्यांनी शिट्ट्या वाजवल्या. त्या शिट्ट्या सोडल्या तर सभागृह शांतच होते.

त्या काळी प्रत्येक खेळानंतर डीसीआर, म्हणजे दैनिक उत्पन्नाचा तक्ता, कार्बन घालून हाताने भरावा लागे. स्टॉल किती, बाल्कनी किती, करमणूक कर किती आणि शेवटी शेरा. रविवारी रात्री शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले होते, ‘गाणी चांगली, पब्लिक नाही.’ दुसरा गुरुवार उजाडण्याच्या आतच चित्रपट उतरला आणि रिळांच्या पेट्या परत गेल्या. मात्र चौकातल्या कॅसेटच्या दुकानात हॅरिस जयराज यांची तीच गाणी पुढे कितीतरी महिने वाजत राहिली, ती रोज येता-जाता माझ्या कानावर पडत होती. ज्या चित्रपटाची गाणी घराघरांत वाजत होती, त्याच्या तिकिटासाठी खिडकीशी कोणी का आले नव्हते, याचा विचार करावा असे मला तेव्हा सुचले नाही. खिडकीवर बसणाऱ्याला खिडकीपुढचाच माणूस दिसतो.

पुढे हा चित्रपट टीव्हीवर वारंवार लागत राहिला आणि ज्यांनी तो थिएटरात पाहिलाच नव्हता अशा मुलामुलींच्या एका संपूर्ण पिढीने तो आपला मानला.

2024 च्या ऑगस्टमध्ये आमचा मोठा पडदा ‘स्त्री 2’ने अडवलेला होता, पण दुसऱ्या पडद्यासाठी नवीन काही मिळत नव्हते. सगळीकडेच जुने चित्रपट पुन्हा लागू लागले होते. ‘लैला मजनू’ त्याच महिन्यात परत आला होता. वितरकाकडून या चित्रपटाविषयी विचारणा झाली तेव्हा मी संध्याकाळचा सव्वासहाचा एकच खेळ द्यायचे कबूल केले, आणि तेही थोडेसे नाइलाजाने. शुक्रवारी दुपारी चार वाजेपर्यंत त्या खेळाची तीन चतुर्थांश तिकिटे गेलेली होती. मी बुकिंगचा पडदा दोनदा उघडून खात्री करून घेतली.

आणि नेमक्या त्याच दिवशी ‘की’, म्हणजे चित्रपट उघडणारी डिजिटल किल्ली, चालेना. हल्ली रिळे येत नाहीत. चित्रपट कुलूपबंद फाइलच्या रूपात येतो आणि तो ठरावीक मुदतीत, ठरावीक सर्व्हरवरच उघडावा म्हणून वेगळी केडीएम, आमच्या भाषेत की, पाठवली जाते. पावसाळ्यात आमच्या सर्व्हरचा एक भाग निकामी होऊन बदलला गेला होता आणि की आली होती ती जुन्या भागाच्या क्रमांकाची. आमचा ऑपरेटर तांत्रिक कामात अतिशय तरबेज आहे, पण चुकीच्या किल्लीने कुलूप उघडणे त्याच्याही हातात नव्हते. आम्ही फोन केले, ईमेल पाठवले आणि नवीन की तयार होण्याची वाट पाहत बसलो. सव्वासहा वाजले, साडेसहा वाजले. मी सभागृहात पडद्यासमोर उभा राहिलो आणि अडचण काय आहे ते जसेच्या तसे सांगितले. ज्यांना थांबता येणार नाही त्यांनी खिडकीवरून पैसे परत घ्यावेत, अशी विनंतीही केली.

एकच जोडपे उठले. बाकीचे बसून राहिले आणि थोड्या वेळाने मागच्या रांगेतून कोणीतरी मॅडीचे एक वाक्य म्हटले. मॅडी म्हणजे नायक. समोरच्या रांगेतल्या मुलींनी रीनाचे उत्तर दिले. मग पुढचे वाक्य, त्याचे उत्तर. पडदा पांढरा, दिवे चालू, आणि शंभरावर माणसे एक अख्खा प्रसंग तोंडपाठ म्हणत होती. त्यात चाळिशीच्या बायका होत्या, इंजिनिअरिंगची मुले होती, आणि गळ्यात बँकेचे ओळखपत्र तसेच ठेवून आलेले एक गृहस्थ होते. मी दाराशी उभा होतो. मला वाटले होते की लोक माझ्यावर चिडतील, आणि त्यांनी तर चित्रपट सुरूही करून टाकला होता.

पावणेसातच्या सुमारास नवीन की मिळाली. दिवे मालवत असतानाच एक बाई कॉलेजच्या वयाच्या मुलीला घेऊन धावत आल्या. ऑफिसातून निघायला उशीर झाला होता, पाऊस होता, रिक्षा मिळाली नव्हती. “सुरुवात गेली ना हो?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “नाही ताई, आत्ताच सुरू होतोय.” त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या.

मध्यंतरात त्या चहा घ्यायला आल्या आणि मग मला त्या पाहण्याचा अर्थ कळला. हा चित्रपट त्यांनी टीव्हीवर वीस-पंचवीस वेळा पाहिला होता, पण त्यांची पहिली वीस मिनिटे दर वेळी हुकत आली होती. संध्याकाळी नळाला पाणी येण्याची तीच वेळ. पाणी भरून त्या टीव्हीपुढे बसत तोवर मॅडीला रीना दिसलेली असे. मॅडी आणि त्याचा प्रतिस्पर्धी सॅम यांचे कॉलेजातले वैर त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. “ही दोघं एकमेकांच्या एवढी जिवावर का उठलीत, ते मला आज कळलं बघा,” त्या म्हणाल्या. आमच्या पंचवीस-तीस मिनिटांच्या खोळंब्यामुळे त्यांना तेवीस वर्षांची अडलेली सुरुवात पाहायला मिळाली होती.

एका प्रसंगात मात्र सभागृहाचा सूर बदलला. तिच्याशी लग्न ठरलेला, परदेशातून येणारा मुलगा आपणच आहोत असे भासवून मॅडी रीनाच्या घरात वावरतो, हे उघडकीस येते आणि ती त्याला हाकलून देते. तोवर नायकाच्या प्रत्येक हालचालीला टाळ्या पडत होत्या. त्या क्षणी डाव्या बाजूने एका मुलीचा स्वच्छ आवाज आला, “बरोबर केलं तिनं!” आणि बऱ्याच मुलींनी टाळ्या वाजवल्या. पुरुषांच्या रांगांतून कोणी काही बोलले नाही. 2001 साली याच प्रसंगाला याच इमारतीत मी लोकांना नायकासाठी हळहळताना ऐकले होते. मुलीच्या नकळत तिच्या मागे फिरणे, दुसऱ्याचे नाव घेऊन तिच्या घरात शिरणे, याला तेव्हा आम्ही खोडकरपणा म्हणत होतो. रीनाची भूमिका करणाऱ्या स्वतः दिया मिर्झा यांनीही पुढे मुलाखतीत या चित्रपटातल्या स्त्रीविषयक दृष्टीवर स्पष्ट बोट ठेवले आहे. माझे मत विचाराल तर मला त्या मुलीचा आवाज फार मोलाचा वाटला, कारण तीच मुलगी थोड्या वेळापूर्वी रीनाची वाक्ये सगळ्यांत मोठ्याने म्हणत होती. चित्रपटावर प्रेम करणे आणि त्यातली खोट ओळखणे, ही दोन्ही कामे तिने एकाच आसनावर बसून केली.

खेळ सुटल्यावर जिन्यात त्या मायलेकी माझ्यापुढे दोन पायऱ्या होत्या. मुलगी म्हणत होती, “आई, पण हा असा मागे लागला असता तर तू मला पोलिसांत जा म्हणाली असतीस.” आई उत्तर द्यायला थांबली. मग म्हणाली, “म्हणाले असते. पण आमच्या हॉस्टेलवर तेव्हा साधं पत्रसुद्धा फोडून वाचायचे गं. कोणीतरी आपल्यासाठी इतकं करतंय, एवढंच दिसायचं आम्हाला.” मुलीने पुढे वाद घातला नाही. तिने आईच्या हातातली ओली छत्री घेतली आणि दोघी पोस्टरसमोर उभ्या राहिल्या.

रात्री संगणकावर हिशोब भरला. आता आकडे आपोआप जातात आणि शेऱ्याचा रकाना उरलेला नाही. सोमवारी वितरकाकडून फोन आला, पुढच्या आठवड्यात चित्रपट ठेवायचा की उतरवायचा. गणपती तोंडावर होते, खरेदीच्या दिवसांत संध्याकाळची गर्दी कमी होते हे मला माहीत होते. मी ठेवायला सांगितला, फक्त सव्वासहाचा खेळ पावणेसातला नेला, म्हणजे ऑफिस सुटून, पाणी भरून येणाऱ्यांना पहिले रीळ सापडेल.