आमची वाटचाल : कॉम्प्रेसर गेला म्हणण्याआधी मीटर लावणारं दुकान

डोंबिवली पूर्वेला आम्ही २००३ साली टिळकनगरजवळ एसी-फ्रीज रिपेअरचं टेबल टाकलं तेव्हा घरात एसी असणं ही मोठी गोष्ट होती आणि तोही विंडो. मी अंबरनाथच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेला, नंतर मुंबईत एका कॉन्ट्रॅक्टरकडे विंडो मशीन जिन्यावरून उचलून उचलून खांदे झिजवलेले. पार्टनर वयाने मोठा, सगळे त्याला दादाच म्हणायचे, तो फ्रीजच्या कारखान्यात ब्रेझिंगला, म्हणजे तांब्याचे पाईप तापवून जोडायच्या कामाला होता. दादाच्या हातचा जॉइंट मी आजही पोरांना दाखवतो, एसीच्या एका जुन्या आउटडोअरवरचा (बाहेरच्या युनिटवरचा) कापून दुकानात ठेवलाय. पाईप तापवायचा, रॉड नाही, पाईप पुरेसा लाल झाला की रॉड आपोआप वितळून फटीत ओढला जातो, आणि हे करताना आतून नायट्रोजन हळू सोडून ठेवायचा म्हणजे पाईपच्या आत काळी खपली धरत नाही. ती खपलीच पुढे कॅपिलरीत, म्हणजे गॅसच्या बारीक नळीत अडकते. आजकाल नायट्रोजनचा सिलेंडर तिसऱ्या मजल्यावर न्यायचा पोरांना कंटाळा येतो, पण आमच्याकडे सिलेंडर वर गेल्याशिवाय ब्रेझिंगचा टॉर्च पेटत नाही.

पहिले जरा बरे पैसे हातात आले तेव्हा आम्ही बाईक न घेता पाईपातली हवा आणि ओलावा ओढून काढणारा डबल स्टेजचा व्हॅक्यूम पंप घेतला. तेव्हा आमच्या लाईनीत बहुतेक जण गॅसच थोडा सोडून पाईपातली हवा बाहेर काढायचे, पंपाला कोण वेळ देणार. दादा म्हणायचा पाईपात ओलावा राहिला तर मशीन आज चालेल, दोन वर्षांनी मरेल, आणि गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देईल. तो पंप अजून चालू आहे, तेल वेळेवर बदललं की काही होत नाही त्याला.

मधली वर्षं बरी गेली, गाळा घेतला, तीन-चार पोरं तयार केली, दादा गुडघ्यांमुळे चिपळूणला गावी गेला. त्यावर जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

लिहायचं आहे ते २०१७ नंतरचं. आमच्यासमोरच रस्त्यापलीकडे एक मोठं काचेचं दुकान आलं, नाव घेत नाही, इथल्या लोकांना माहीत आहे. त्यांनी सोसायट्यांमध्ये फ्री चेकअप कॅम्प लावायला सुरुवात केली. टाय घातलेली पोरं यायची, झाकण उघडायची, पाच मिनिटांत सांगायची की मशीन जुनं झालं, कॉम्प्रेसर गेला, आता यात पैसे घालू नका, आमच्याकडे एक्स्चेंज आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षं एएमसी (वर्षाचं देखभालीचं कॉन्ट्रॅक्ट) असलेली एक मोठी सोसायटी त्यांनी निम्म्या रेटने उचलली. निम्म्या रेटमध्ये वर्षाला तीन वेट सर्व्हिस (पाण्याने धुऊन केलेली सर्व्हिस) कशा बसतात हे मला आजही कोणी समजावून सांगावं, जेट पंप, माणूस, पेट्रोल, सगळं धरून. ते बसतच नाही, बसतं ते नवीन मशीन विकून. म्हणजे चांगल्या मशीनला मेलेलं ठरवूनच तो रेट परवडतो, आणि या गोष्टीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

टिळकनगरच्या एक बाई आहेत, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आम्ही दुकान टाकलं त्या पहिल्या उन्हाळ्यापासूनच्या कस्टमर. त्यांच्याकडे २००९ चा दीड टनाचा स्प्लिट, आर-२२ गॅसचा. त्यांना त्या कॅम्पमध्ये कॉम्प्रेसर गेला म्हणून लिहून दिलं, वर तीन हजार एक्स्चेंज. बाईंनी कागद घेतला, घडी केली आणि मला फोन केला, "तू येऊन बघ, मग मी ठरवते."

आता हे नीट वाचा, कारण हे तुमच्याही घरी होऊ शकतं. आउटडोअरचा फॅन फिरत होता, कॉम्प्रेसर गूं करायचा आणि बंद पडायचा. कॉम्प्रेसरला तीन टर्मिनल असतात, कॉमन, स्टार्ट आणि रन. मीटरवर रेझिस्टन्स कॉमन-रन सगळ्यात कमी, कॉमन-स्टार्ट त्याहून जास्त आणि स्टार्ट-रन म्हणजे त्या दोघांची बेरीज आली पाहिजे. त्या पोराने गरम कॉम्प्रेसरवर मीटर लावला असणार, कॉमनवरून काहीच दाखवलं नसणार, झालं, वाइंडिंग ओपन, म्हणजे आतली तार तुटली! पण कॉम्प्रेसर तापला की आतला ओव्हरलोड (जास्त तापल्यावर लाईन तोडणारा स्विच) ट्रिप होतो आणि कॉमनची लाईन तोडतो, वाइंडिंगला काही झालेलं नसतं. स्टार्ट-रनमध्ये मीटर तेव्हाही बरोबर दाखवतो, पण तिथे लावणार कोण. आम्ही बाईंकडे चहा घेऊन कॉम्प्रेसर थंड व्हायची वाट बघितली, रीडिंग तिन्ही बरोबर आली, बॉडीला करंट उतरत नव्हता. मग कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर काढला, वरचं झाकण फुगलेलं, ४५ मायक्रोफॅरडच्या जागी मीटर ११ दाखवत होता. स्टार्टच मिळत नव्हता त्याला. काही शे रुपयांचा कपॅसिटर, मशीन क्लॅम्प मीटरवर साडेसात अँपिअरला शांत चालू. चाळीस हजारांचा निर्णय आणि काही शे रुपयांचा पार्ट, यातला फरक फक्त तासभर थांबण्याचा होता.

बाईंनी तो कागद सोसायटीच्या मीटिंगमध्ये नेऊन वाचून दाखवला. त्याचा काही उपयोग झाला नाही, कॉन्ट्रॅक्ट समोरच्या दुकानाकडेच राहिलं, उलट आमच्याबद्दल बोललं गेलं की हे रिपेअरवाले आहेत, हे मरेपर्यंत जुनंच चालवायला सांगणार. एक पोरगा तिकडे गेला, दोन सोसायट्या गेल्या.

आणि वर २०२०. आमचा धंदा म्हणजे मार्च ते जून, वर्षाची कमाई त्यात. फेब्रुवारीत गॅसचे सिलेंडर, कपॅसिटर, फॅन मोटर, कॉपर पाईपचे बंडल सगळं उधारीवर भरलं आणि २५ मार्चला देश बंद. नंतर थोडं उघडलं तर लोक एसीलाच घाबरायला लागले. सप्लायरचे फोन, पोरांचे पगार, गाळ्याचा हप्ता. मी गाळा विकायला काढला होता, हे घरच्यांशिवाय कोणाला माहीत नाही, आता लिहितोय. मेडिकल आणि दवाखान्यांचे फ्रीज यावर आम्ही ते महिने काढले, आणि मुख्याध्यापिका बाईंनी दोन वर्षांच्या एएमसीचे पैसे न मागता पाठवले, वर त्यांच्या ओळखीच्या चार घरांना सांगून त्यांचेही. ते पैसे मोठे नव्हते पण त्या पैशांत पोरांचा पगार झाला आणि एकही पोरगा गेला नाही. गाळा राहिला.

रिपेअरवाले जुनंच चालवायला सांगतात म्हणणाऱ्यांसाठी हेही लिहितो. २०२३ मध्ये त्याच बाईंना मीच सांगितलं की आता काढा. कूलिंग कॉइल दुसऱ्यांदा लीक झाली होती, कॉम्प्रेसर जास्त करंट घेत होता, आणि गॅस आर-२२. तो गॅस ओझोनमुळे बंद होत चाललाय, १ जानेवारी २०२५ पासून तर आपल्याकडे नवीन मशीन त्या गॅसवर बनवायलाच बंदी आहे, सर्व्हिसिंगला मिळतो पण तो काय स्वस्त होणार आहे का. कॉइल, कॉम्प्रेसर आणि गॅस मिळून नव्या मशीनच्या निम्म्याला पोचत होतं. तिथे रिपेअर म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं.

माझं गणित असं आहे. कपॅसिटर, फॅन मोटर, सेन्सर, पीसीबी (कंट्रोल बोर्ड), यातलं काही गेलं तर वय न बघता रिपेअर करा. कॉइल पहिल्यांदा लीक झाली आणि कॉपरची असेल तर ब्रेझ करा, दुसऱ्यांदा झाली तर बदला, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर जोडत बसण्यात अर्थ नाही. कॉम्प्रेसर खरंच जळला आणि मशीन दहा वर्षांच्या पुढे असेल तर नवीन घ्या. आणि दरवर्षी गॅस भरायला लावणाऱ्या माणसाला परत बोलावू नका, गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, साबणाचं पाणी लावून आधी लीक दाखव म्हणा. मशीनमध्ये आर-४१० गॅस असेल तर ते दोन गॅसचं मिक्स आहे, वरून थोडा भरू देऊ नका, सगळा काढून वजनावर भरायचा.

नाल्याजवळ किंवा खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांनी वेगळा विचार करा. तुमच्या घरात तांब्या-पितळेची भांडी आणि चांदी लवकर काळी पडते ना, तोच नाल्याचा गॅस कूलिंग कॉइल खातो. तिथे नवीन मशीनचीही कॉइल दोन-तीन वर्षांत लीक झालेली आम्ही बघतो, त्यामुळे मशीन बदलून सुटका नाही, घेतानाच कोटिंगवाली कॉइल आणि कॉइलची वॉरंटी कागदावर बघा.

नवीन घेताना भिंतीतला जुना पाईप तसाच जोडून देतो म्हणणाऱ्याला थांबवा. जुन्या आर-२२ मशीनमध्ये मिनरल ऑइल असायचं, नव्या आर-३२ गॅसच्या मशीनचं तेल वेगळं आणि प्रेशर दीडपटीच्याही वर, पाईप नवा टाका, नाहीच निघत तर निदान फ्लश करून नायट्रोजनवर टेस्ट करून घ्या. वीजबचतीचे स्टार जुन्याशी मोजू नका, स्टारचं टेबल बदलत असतं, जुलै २०२२ ला बदललं तेव्हा आधीचा ५ स्टार ४ झाला. लेबलवर वर्षाच्या १६०० तासांचे विजेचे युनिट लिहिलेले असतात, २०२२ च्या टेबलात दीड टनाच्या ५ स्टारला साधारण साडेसातशे-आठशे होते, तो आकडा बघा. महावितरणच्या बिलात महिना ३०० युनिटच्या वर गेलं की रेट आणखी चढतो, खरी बचत तिथे आहे. आणि सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ चा १८ झालाय, जुना रेट सांगणाऱ्याला बिल मागा.

समोरचं दुकान अजून आहे, त्या सोसायटीचं कॉन्ट्रॅक्टही अजून त्यांच्याकडेच आहे. पण त्याच सोसायटीतले फ्लॅटवाले आता त्यांचा कागद हातात आला की आधी आम्हाला फोन करतात. आम्ही रीडिंग लिहून देतो, तिन्ही टर्मिनलचं, कपॅसिटरचं, अँपिअरचं, तारीख घालून, मग रिपेअर करायचं की नवीन ते घरात बसून ठरवा. फक्त फोन फेब्रुवारीत करा, एप्रिलमध्ये करून उद्याच या म्हणू नका, तेव्हा आमची पोरं रात्री दहापर्यंत गच्चीवर असतात.