दहा फूट उंचीवर पोचणाऱ्या अ‍ॅक्वापोनिक्स टॉवरसाठी पंप निवडताना

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी फिरवून त्यावर मातीविना रोपं वाढवणं, आणि रोपं उभ्या टॉवरमध्ये असली की ते पाणी पंपानं वर चढवावं लागतं. पंपाच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात, ताशी लिटर आणि एच-मॅक्स (पाणी चढू शकेल ती कमाल उंची). '३००० लिटर, ३ मीटर' वाचलं की वाटतं, हा पंप तीन मीटरवर तीन हजार लिटर पाणी चढवणार. प्रत्यक्षात ते ३००० लिटर शून्य उंचीचे असतात, आणि तीन मीटरवर पाणी नळीत नुसतं उभं राहतं, थेंबही बाहेर पडत नाही. उभ्या मांडणीत बहुतेक पंप चुकतात ते इथेच.

माझी मांडणी अशी: १००० लिटरची माशांची टाकी, त्यावर ११० मिमी पीव्हीसी पाइपचे सहा-सहा फुटी दहा टॉवर. टाकीतलं पाणी तासाला एकदा पूर्ण फिरावं आणि प्रत्येक टॉवरला ताशी साधारण १०० लिटर मिळावं, हे दोन्ही हिशेब १००० लिटरवरच येऊन ठेपतात. (गच्चीवर करणार असाल तर पाण्याचाच भार एक टन होतो. आधी इंजिनिअरला विचारा, पंपाचं नंतर.)

मग उंची. ती पंपापासून मोजायची नाही, पाण्याच्या पातळीपासून मोजायची. पंप टाकीत किती खोल ठेवला यानं फरक पडत नाही, कारण वरचं पाणी त्याला तेवढंच ढकलत असतं. मात्र बाष्पीभवनानं पातळी खाली जाते, म्हणून सगळ्यात कमी पातळी धरा. माझ्याकडे टॉवरचं तोंड जमिनीपासून ३ मीटरवर आणि पाण्याची नीचांकी पातळी ०.६ मीटरवर, म्हणजे २.४ मीटर.

यात पाइपचं घर्षण मिळवायचं. पाइप ४ मीटर आणि तीन एल्बो (काटकोनी वळणं), एल्बोंचे मिळून आणखी दोनेक मीटर धरले तर ६ मीटर. ताशी १००० लिटरला अर्धा इंची पाइपमध्ये (आतला व्यास १५ मिमी) सुमारे १.२ मीटर हेड (म्हणजे पंपाची चढवण्याची तेवढी उंची) खर्च होतं, पाऊण इंचीत (२० मिमी) ०.३ मीटर आणि एक इंचीत (२५ मिमी) जेमतेम ०.१ मीटर. पंपाचं तोंड अर्धा इंची आहे म्हणून वरपर्यंत अर्धा इंचीच नेणारे खूप भेटतात. तोंडाशीच रिड्यूसर लावून एक इंची करा, मीटरभर हेड फुकटात वाचतं.

२.४ अधिक ०.१, वर कॉक आणि तुंबत जाणारी जाळी यांसाठी वीस टक्के. म्हणजे ३ मीटरवर ताशी १००० लिटर देणारा पंप हवा. कोणत्या उंचीवर किती पाणी, हे दाखवणारा कंपनीचा ग्राफ मिळाला तर उत्तम. नसेल तर सरळ रेषा धरायची: ३००० लिटर आणि एच-मॅक्स ५ मीटर असेल तर ३ मीटरवर ३०००×(१−३/५), म्हणजे १२०० लिटर. खरा वक्र वर थोडा फुगलेला असतो, त्यामुळे पाणी जरा जास्तच मिळतं. तेच ३००० लिटर ४ मीटर एच-मॅक्सवर असतील तर ७५० लिटरच, तो पंप बाद. आयात पंपाचे आकडे ६० हर्ट्झचे तर नाहीत ना, हेही बघा. आपल्या ५० हर्ट्झवर साधी एसी मोटर हळू फिरते आणि ४ मीटरचं हेड २.८ वर येतं.

कूलरचा पंप स्वस्त म्हणून मोह होतो, पण बहुतेकांचं एच-मॅक्स दोन मीटरच्या आतच संपतं. दुसऱ्या टोकाला अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक (पाण्याबाहेर बसणारा घरगुती पंप): पाणी धो-धो, पण दिवसाला किमान ९ युनिट. ७० वॉटचा सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायचा पंप) दिवसाला १.७ युनिटच्या आत चालतो. हा मॅग्नेटिक ड्राइव्हचा (चुंबकानं फिरणारा), सिरॅमिक शाफ्टचाच घ्या. तेल भरलेल्या सबमर्सिबलचं सील गेलं की तेल थेट माशांच्या पाण्यात. पितळी भागही नकोत, तांबं माशांना सोसत नाही.

वर पाणी वाटायला ठिबकचे ड्रिपर लावू नका. त्यांना साधारण १ किलो दाब, म्हणजे १० मीटर हेड लागतं, शिवाय माशांच्या विष्ठेनं ते आठवड्यात बुजतात. १६ मिमीची लॅटरल (ठिबकची बारीक नळी) उघड्या तोंडानं प्रत्येक टॉवरमध्ये सोडा, प्रत्येकीला छोटा कॉक, आणि मुख्य पाइप वर गोल फिरवून दोन्ही टोकं जोडा, म्हणजे शेवटचा टॉवर कोरडा राहत नाही.

बसवल्यावर बादली लावून मोजा. वरच्या तोंडाशी १० लिटरची बादली २६ सेकंदांत भरली, म्हणजे ताशी १३८५ लिटर. जास्तीचं पाणी बायपास कॉकनं पुन्हा टाकीत उंचावरून पाडलं, तेवढीच हवा मिसळते. प्रवाह कमी करायचा तो डिलिव्हरीच्या बाजूनं. सक्शन आवळला तर पंप कोरडा गुरगुरतो आणि शाफ्ट झिजतो.

पंप टाकीच्या तळाशी ठेवू नका. परतीची नळी मुळांनी तुंबली की तो सगळं पाणी वर ओतून गच्चीवर वाहून घालवतो आणि मासे उघडे पडतात. निम्म्या पाण्याच्या उंचीवर विटांच्या थरावर बसवला तर काही झालं तरी निम्मी टाकी शिल्लक राहते. वीज गेली की उलट होतं, पाइपमधलं पाणी खाली येतं, म्हणून टाकीत वर दहा सेंटिमीटर मोकळे हवेत. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग याशिवाय प्लग लावूच नये, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा.

वीज गेल्यावर आधी ऑक्सिजन संपतो, झाडं त्यानंतर सुकतात. म्हणून बॅटरीवर पंप नको, एअर पंप चालवा. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी निम्मी वापरली तरी १० वॉटचा डीसी एअर पंप चार तास ओढते.

बोअरच्या जड पाण्यानं इम्पेलरवर (पंपातल्या फिरत्या पंख्यावर) पांढरा थर चढतो आणि बादली २६ ऐवजी ३५ सेकंद घेऊ लागते. इम्पेलर बाहेर काढून लिंबूफुलाच्या (सायट्रिक अ‍ॅसिडच्या) पाण्यात तासभर बुडवला, जुन्या टूथब्रशनं खरवडला आणि स्वच्छ धुऊन बसवला की आकडा पुन्हा जागेवर येतो. एक जास्तीचा इम्पेलर पंपासोबतच घेऊन ठेवा, सुटा मिळायला वेळ लागतो.