आमची वाटचाल: छापखाना, पाणी आणि पॉलिसीची चार पानं

चिपळूणच्या बाजारपेठेत १९७९ साली आमचा छापखाना सुरू झाला. तेव्हा आत होतं एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, सहा केसा आणि माझे वडील, अण्णा. पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं हे काम. दिवसा अण्णा खिळे जुळवायचे, संध्याकाळी आई बाइंडिंगला बसायची. १९९८ मध्ये मुंबईहून जुनं ऑफसेट आणलं, त्याच सुमारास मालकाकडून जागाही विकत घेतली. २००३ पासून मी आहे. मशिनं कशी वाढली ते गिऱ्हाइकांना माहीतच आहे. मला लिहायचंय ते विम्याबद्दल. आमचा छापखाना दोनदा पाण्याखाली गेला आणि गंमत अशी की दोन्ही वेळा आमचा विमा उतरवलेला होता.

पहिली वेळ जुलै २००५ ची. कागदाचा धंदा, त्यामुळे अण्णांना भीती एकाच गोष्टीची: आग. फायर पॉलिसी ते नेमाने घ्यायचे. त्या काळी पॉलिसीतून वादळ-पुराचा भाग काढून टाकला तर प्रीमियममध्ये सूट मिळे. अण्णांनी तो काढला होता. त्यांना मी दोष देत नाही. वाशिष्ठी आणि शिवनदी पावसाळ्यात बाजारात डोकावतातच, त्यातून दाभोळच्या खाडीला भरती असली की पाणी उतरायला वेळ लागतो. पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीला लागलं की माल पोटमाळ्यावर चढवायचा, उतरलं की झाडू मारायचा, ही इथल्या प्रत्येक दुकानदाराची रीत. “दरसालच्या पाहुण्याचा कसला विमा?” असं अण्णा म्हणायचे. त्या वर्षी पाहुणा छातीपर्यंत आला. विमा कंपनीचं उत्तर दोन ओळींचं होतं आणि ते बरोबरच होतं.

नंतर २०१४ मध्ये दोन रंगांच्या ऑफसेटसाठी बँकेचं कर्ज घेतलं, शिवाय कागदासाठी सीसी, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तशी उचल करायचं कॅश क्रेडिट खातं. त्याबरोबर विमाही आला. बँकेने काढला, प्रीमियम आमच्या खात्यातून वळता झाला, पॉलिसी बँकेच्या फायलीत गेली. यात पूर आहे एवढं मी तोंडी विचारून घेतलं आणि निर्धास्त झालो. सात वर्षांत मी ती पॉलिसी एकदाही वाचली नाही. गिऱ्हाइकाच्या पत्रिकेचं प्रूफ तीनदा वाचणारा माणूस मी!

२२ जुलै २०२१ च्या पहाटे पाणी किती वेगाने चढलं ते चिपळूणकरांना सांगायला नको. आमच्या भिंतीवर त्याची खूण अकरा फुटांवर आहे. पोटमाळाच नऊ फुटांवर, त्यामुळे वर चढवलेलंही भिजलं. फक्त सगळ्यात वरच्या फळीवरचा माल वाचला. तिसऱ्या दिवशी शटर उघडायला गेलो तर ते उघडेना. कागद पाणी पिऊन फुगतो हे माहीत होतं, पण रिमं फुगून लोखंडी रॅक वाकवतात आणि तो रॅक शटरला आतून टेकतो, हे पहिल्यांदाच पाहिलं.

आजूबाजूला सगळे चिखलमाल रस्त्यावर काढत होते, जेसीबी भरभरून नेत होते. त्या घाईत शेजारच्या कापड दुकानदाराचा सगळा माल विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, येण्याआधीच गेला. फोटो नाहीत, मोजदाद नाही. आमच्या नशिबाने बायकोने अडवलं. तिने पहिल्याच दिवशी बँकेला आणि विमा कंपनीला ईमेल टाकला, प्रत्येक रॅकचा, मशीनच्या नंबरप्लेटचा, भिंतीवरच्या खुणेचा फोटो काढला. रिमं टाकताना वजन करून रद्दीवाल्याची पावती घेतली. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रतही तिनेच मिळवली.

सर्व्हेअर आठव्या दिवशी आले. सज्जन गृहस्थ, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दोन तास आत फिरले. मग पॉलिसीची प्रत पुढे ठेवली. ती चार पानं मी तेव्हा पहिल्यांदा वाचली.

इमारत? त्यात नव्हतीच. बँकेचं कर्ज मशीन आणि मालावर, म्हणून विमाही ‘बँकेला तारण असलेली यंत्रसामग्री आणि माल’ एवढ्यापुरता. रोखीने घेतलेलं कटिंग मशीन, दोन संगणक, फर्निचर, वायरिंग, सगळं बाहेर. एका शाळेने छपाईसाठी स्वतःचा कागद आणून दिला होता. दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यात असेल तर तसा स्पष्ट उल्लेख पॉलिसीत लागतो, आणि तो नव्हता. शाळेला कागद आम्ही खिशातून भरून दिला.

मालाचा हिशेब सगळ्यात जास्त लागला. मालाची विमा रक्कम सहा लाख, २०१४ पासून तीच. मात्र २०२० ची लग्नसराई लॉकडाऊनमध्ये बुडाली होती, पत्रिकांचे कोरे कार्ड आणि आर्टपेपर तसाच पडून होता. त्या दिवशी आत नऊ लाखांचा माल होता. वाचलेला माल आणि रद्दीचे पैसे वजा जाता नुकसान साडेसात लाख. मला वाटलं, सहा तरी मिळतील. सर्व्हेअर म्हणाले, “नऊ लाखांच्या मालाचा सहा लाखांचा विमा म्हणजे एक तृतीयांश जोखीम तुम्ही स्वतःकडे ठेवलीत, तर नुकसानही त्याच प्रमाणात वाटून घ्यायचं.” साडेसातचे दोन तृतीयांश पाच लाख. त्यातून नैसर्गिक आपत्तीची पाच टक्के कपात, राहिले चार लाख पंचाहत्तर हजार. नुकसान असं प्रमाणात वाटून घेण्याला ॲव्हरेजचं कलम म्हणतात. ते ज्याला कळलं त्याला निम्मा विमा कळला असं माझं मत आहे.

आणि नऊ लाख हे तरी सिद्ध कसं केलं? वह्या चिखलात, आमच्या सीएचं ऑफिसही पाण्यात. जीएसटी पोर्टलवरची खरेदी कामी आली, मुंबईच्या कागद व्यापाऱ्यांनी बिलांच्या प्रती पाठवल्या. पण दर महिन्याला बँकेला देतो त्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे शिल्लक मालाच्या तक्त्यात, साडेपाच लाख लिहिलेले! कारण काय, तर मी मागच्या महिन्याचंच तारीख बदलून पाठवत होतो. त्या साडेपाच लाखांनी आम्हाला दोन महिने खुलासे लिहायला लावले.

ऑफसेटला घसारा, म्हणजे वापराने झालेली घट, कापून बाजारभावाने पैसे मिळाले. सगळी रक्कम कर्जखात्यात जमा झाली, कारण पॉलिसीवर पहिला हक्क बँकेचा. हातात रोकड म्हणाल तर शून्य. छापखाना साडेतीन महिने बंद होता. दोन कामगारांचे पगार आणि घरखर्च आईचे दागिने गहाण ठेवून भागवले.

पुढच्या वर्षी मात्र मीच विमा घ्यायला बसलो. बँकेला विमा हवा असतो, तो तिनेच निवडावा असं नाही. तिचं नाव पॉलिसीत राहिलं की झालं. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आली आहे. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्यांसाठी. पूर, भूकंप मुळातच धरलेले, आणि विमा रक्कम पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडली तर ॲव्हरेज लावत नाहीत. आमची जुनी पॉलिसी फेब्रुवारीत नूतनीकरण झालेली, म्हणून आम्हाला त्याचा उपयोग झाला नव्हता. झाला असता तरी आमची तूट पंधराची नव्हे, तेहतीसची होती.

इमारतीच्या आकड्यावर घरात वाद झाला. मी खरेदीखताची रक्कम धरत होतो. पण त्यात जमिनीची किंमत आली, आणि जमीन ना जळते ना वाहून जाते. बाजारपेठेतली जमीन तर भलतीच महाग. शेवटी बांधकाम करणाऱ्या मित्राला विचारलं: तसंच बांधायचं तर चौरस फुटाला किती? दोन हजार. बाराशे चौरस फुटांचे चोवीस लाख. जास्त रकमेचा विमा काढला म्हणून जास्त भरपाई मिळत नाही, फक्त प्रीमियम जास्त जातो. मशिनं आता नव्याच्या किमतीने धरली आहेत, म्हणजे घसारा कापला जाणार नाही, अट एवढीच की बारा महिन्यांत खरोखर नवं घ्यायचं. माल मात्र खरेदीच्या किमतीनेच. नफा त्यात येत नाही. ऐन हंगामात जेवढा साठतो तेवढा धरला, बारा लाख. दुसरीकडचं भाड्याचं गोदाम वेगळ्या पत्त्याने लिहून घेतलं. कारण पॉलिसीत जो पत्ता, तिथलाच माल. गिऱ्हाइकांचा कागदही शब्दात लिहून घेतला. धंदा बंद राहण्याचा विमा वेगळा असतो, तो सहा महिन्यांचा घेतला. पण आधी मुख्य पॉलिसीत नुकसान मान्य व्हावं लागतं, तरच तो चालतो.

प्रस्तावाच्या अर्जात पूर्वी पूर आला होता का, असा प्रश्न असतो. दोन्ही पूर लिहिले, अकरा फुटांसह. एजंट म्हणाला, “एवढं कशाला लिहिता?” त्याला म्हटलं, भिंतीवर खूण आहे, कुणीही येऊन बघेल. एका कंपनीने नकार दिला, दुसरीने दर थोडा वाढवून घेतला. प्रीमियम पहिल्यापेक्षा दुप्पट झाला. त्यावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं, तेवढाच दिलासा.

कागद आता वरच्या नव्या मजल्यावर असतो. मोटारी आणि पॅनेल भिंतीवर उंच. पॉलिसी आणि फोटो ईमेलमध्ये, एक प्रत बहिणीकडे साताऱ्याला. दर मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही माल मोजतो आणि आकडा वाढला असेल तर पॉलिसीत वाढवून घेतो. स्टॉक स्टेटमेंट आता बायको करते. माझ्यावर तिचा विश्वास नाही.

अण्णा ऐंशीच्या पुढे आहेत. नूतनीकरणाचे कागद आले की त्यांच्या खुर्चीशी न्यावे लागतात. ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने वाचतो. आग, वीज, भूकंप ऐकत असतात. मध्येच हात वर करतात, “अरे, पाणी लिहिलंय ना त्यात?” लिहिलंय, म्हणतो. ते बोट पुढे करतात, ओळ दाखवावी लागते. मग विचारतात, मॅपलिथो कागदाचा भाव काय चाललाय.