आमची वाटचाल: मुनीमजींना दुरुस्त करता येईल असं मॅन्युअल

आम्ही लातूरचे. औसा रोडला छोटं ऑफिस, चार-पाच पोरं-पोरी, आणि काम एकच, आडत दुकानाचं सॉफ्टवेअर. काटापट्टी, सौदा, हमाली, तोलाई, बारदाना, शेतकऱ्याची हिशोबपट्टी, खरेदीदाराचं बिल, सगळं त्यात. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि वह्यांवर चालणाऱ्या दुकानांना एकदम कम्प्युटरचं बिल पाहिजे झालं, तिथून आमची गाडी सुरू झाली. पुढं कोड जीपीएल लायसनखाली ओपन सोर्स केला, म्हणजे कोणालाही बघता-बदलता येईल असा खुला, आता पैसे घेतो ते बसवून देण्याचे, शिकवण्याचे आणि सपोर्टचे. म्हणजे सॉफ्टवेअर फुकट आणि समजावून सांगणं विकत, मग डॉक्युमेंटेशन वेळ उरला तर करू असं म्हणून आमचं भागत नाही. यार्डातले लोक विचारतात, सगळंच लिहून टाकलं तर तुम्हाला फोन कोण करणार? फोन येतातच हो, फक्त प्रश्न जरा बरे येतात.

पहिलं मॅन्युअल एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं होतं, जुन्या युनिकोड नसलेल्या फॉन्टात. छापून लै छान दिसायचं, पण दुसऱ्या कम्प्युटरवर उघडलं की गिचमिड, आणि त्यात काही शोधायचं तर विषयच सोडा. मग वर्डची फाइल युनिकोडमध्ये केली, ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली आणि कोणत्या दुकानात कोणती फाइल आहे ते कोणालाच सांगता येईना. त्यानंतर डोकूविकी बसवलं, म्हणजे ब्राउझरमध्येच पानं लिहायची-बदलायची विकी, आणि ते खरंच चांगलं टूल आहे, 2004 पासून आहे, डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान साधी टेक्स्ट फाइल असते. सपोर्टला बसणाऱ्या आमच्या ताई तिथंच लिहायला शिकल्या. अडचण एकच होती, कोड गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं टूल) आणि मॅन्युअल विकीवर, त्यामुळं पोरं बारदान्याचा स्क्रीन बदलून मोकळी व्हायची आणि विकीवर जुनाच स्क्रीन राहायचा.

म्हणून ठरवलं की मॅन्युअल पण कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे गिटच्या त्याच साठ्यात, ठेवायचं. इथून पुढची, टेक्स्ट फाइलींतून मॅन्युअलची साइट बनवणाऱ्या टूलची निवड जरा सविस्तर सांगतो, कारण बाकीच्या छोट्या फर्मवाल्यांना इथंच घोळ होतो.

आमचा कोड पायथॉनचा, त्यामुळं पोरांनी लगेच स्फिंक्स म्हणलं. बरोबरच होतं, स्फिंक्स 2008 मध्ये पायथॉनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठीच जन्मलं, फंक्शनवर लिहिलेले डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमधल्याच माहितीच्या टिपा, उचलून आपोआप पानं बनवतं, आणि भाषांतरासाठी गेटटेक्स्टच्या फाइली काढून देतं. पण लिहायचं रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, म्हणजे साध्या टेक्स्टला हेडिंग-यादीच्या खुणा द्यायच्या एका पद्धतीत. तिथं हेडिंगखाली रेघ शब्दाइतकी लांब पाहिजे, नाहीतर वॉर्निंग येते, आणि मराठीत शब्दाची लांबी मोजायची कशी, जोडाक्षरं आणि काना-मात्रा धरून डोळ्याला अंदाजच येत नाही. आता मार्कडाउनसाठी, म्हणजे तशाच पण सोप्या खुणांसाठी, मिस्ट नावाचं एक्स्टेंशन मिळतं, त्यानं हे टळतं, पण सर्चचं काही टळत नाही. पायथॉनच्या साध्या रेगेक्समध्ये (शब्द ओळखायचा नमुना) काना, मात्रा, वेलांटी हे अक्षर म्हणून मोजलेच जात नाहीत आणि स्फिंक्सचं सर्च शब्द तोडायला मुळात तेच वापरतं. त्यामुळं ‘हमाली’चे तुकडे होतात ‘हम’ आणि ‘ल’, ‘तोलाई’चे होतात ‘त’, ‘ल’ आणि ‘ई’. मुनीमजींनी तोलाई शोधलं की अर्धं मॅन्युअल समोर. इंग्रजी मॅन्युअल लिहिणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही, म्हणून सांगतो, कोणतंही टूल घेण्याआधी आपल्या धंद्यातले पाच-दहा मराठी शब्द सर्चमध्ये टाकून बघा, थीमचे रंग नंतर बघा.

डॉक्युसॉरस पण बघितलं, फेसबुकवाल्यांनी 2017 मध्ये ओपन सोर्स केलेलं. व्हर्जन आणि भाषांतर दोन्हीची सोय आतच आहे, दिसायला देखणं. पण ते रिअ‍ॅक्टवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या एका जावास्क्रिप्ट लायब्ररीवर, चालतं आणि आमच्याकडं रिअ‍ॅक्ट येणारं कोणी टिकत नाही, शिकला की पुण्याला जातो. ज्यांच्याकडं अशी पोरं आहेत त्यांनी खुशाल घ्यावं. अ‍ॅस्किडॉक ही खुणांची वेगळी पद्धत पण चाखून बघितली, जाड पुस्तकी मॅन्युअलला मार्कडाउनपेक्षा सरस आहे असं माझं आजही मत आहे, पण ताईंना परत नवीन खुणा शिकवायच्या म्हणजे त्यांनी लिहिणंच सोडलं असतं.

शेवटी एमकेडॉक्स घेतलं, त्यावर मटेरियल थीम. पानं मार्कडाउनमध्ये, सगळं सेटिंग एका यामल (सेटिंगची साधी टेक्स्ट) फाइलीत. सर्च इथंही आपोआप नाही जमलं, नुसती इंग्रजी भाषा ठेवली तर देवनागरी शब्द इंडेक्समध्ये येण्याआधीच छाटले जातात, पण सर्चला हिंदीची भाषा लावली की देवनागरी अक्षरं ओळखली जातात आणि तोलाई म्हणलं की तोलाईच सापडते. विकीवरची जुनी पानं पँडॉक या फाइलींचं रूप बदलणाऱ्या टूलनं मार्कडाउनमध्ये आणली, टेबलं तेवढी हातानं सरळ करावी लागली.

पण मला टूल पटलं ते वेगळ्याच गोष्टीनं. प्रत्येक पानावर पेन्सिलचं बटण लावता येतं, ते दाबलं की गिटहबवर, म्हणजे आमचा कोड जिथं ऑनलाइन आहे तिथं, तीच फाइल उघडते आणि तिथंच दुरुस्ती करून पाठवता येते, कम्प्युटरवर काहीच बसवावं लागत नाही. आमचं मॅन्युअल चुकलं कुठं हे मुनीमजींना आमच्याआधी कळतं, मग दुरुस्ती करायला त्यांना गिट शिकावं लागू नये एवढंच बघायचं होतं. उदगीरच्या एका दुकानातल्या मुनीमजींनी असंच हरभऱ्याच्या वजनातल्या घटीचं पान नीट करून पाठवलं, तेही दुपारच्या सौद्यातून वेळ काढून मोबाइलवरून. त्या पानावर आमच्या पोरांनी जे लिहिलं होतं ते हिशोबाला बरोबर होतं, पण काट्यावर तसं कोणी करतच नाही.

मोंढ्यात नेट जातं, पावसाळ्यात तर लाइटच जाते, म्हणून साइटची एक कॉपी दुकानाच्या कम्प्युटरवर पण ठेवतो. त्याला डिरेक्टरी यूआरएलचं सेटिंग बंद करावं लागतं, नाहीतर फोल्डरमधून उघडल्यावर लिंका चालत नाहीत, आणि सर्चसाठी ऑफलाइन प्लगइन लागतं. बिल्ड, म्हणजे पानांची साइट बनवणं, कायम स्ट्रिक्ट मोडवर, तुटकी लिंक असली की रिलीजच अडतो, पोरं कुरकुर करतात, करू द्या. स्क्रीनशॉट मात्र कमी केले, जे ठेवलेत ते प्लेराइटची (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) स्क्रिप्ट रिलीजच्या वेळी स्वतः काढते. जुनी व्हर्जन वापरणारी दुकानं लै आहेत, त्यांच्यासाठी माइक नावाचं टूल प्रत्येक व्हर्जनची पानं वेगळी ठेवतं.

एपीआयचं, म्हणजे आमच्या कोडला दुसरा प्रोग्राम जोडणाऱ्यांसाठीचं, डॉक्युमेंटेशन अजून स्फिंक्समध्येच आहे. एका प्रोजेक्टला दोन टूलं कशाला असं बरेच जण म्हणतात. वाचणारे दोन वेगळे आहेत म्हणून. पायथॉनवाल्याला फंक्शनची यादी पाहिजे आणि मुनीमजींना आज पट्टी कशी रद्द करायची ते पाहिजे, दोघांना एका साच्यात बसवलं की दोघंही कंटाळतात.

आता नवीन भानगड म्हणजे 2025 च्या शेवटी मटेरियल थीम बनवणाऱ्यांनी झेन्सिकल नावाचं स्वतःचं नवं टूल जाहीर केलं आणि जुन्या थीमवर आता फक्त देखभाल. पोरं घाबरली, मी नाही घाबरलो, कारण पानं मार्कडाउन आहेत आणि झेन्सिकल आमची तीच यामल फाइल वाचतं. गिटच्या एका ब्रँचवर, म्हणजे वेगळ्या कॉपीवर, ट्रायल चालू आहे, सर्चचे मराठी शब्द परत पहिल्यापासून तपासायलोत.

छापील प्रत अजूनही लागते, गल्ल्यावर बसून स्क्रीनवर वाचणारे शेठजी कमीच. पीडीएफ वीझीप्रिंट नावाच्या टूलनं काढतो, जोडाक्षरं नीट येतात. यंदाची प्रत सप्टेंबर संपायच्या आत दुकानांत पोचवायचीय, कारण एकदा दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची आवक चढली की मॅन्युअल कोणी उघडत नाही, सगळे थेट ताईंना फोन लावतात.