रेग्युलेटेड म्हणजे रेग्युलराइज नव्हे

मालवणात वकिली करायची तर निम्मा दिवस लोकांना इंग्रजी पत्रं समजावून सांगण्यात जातो. पण सरकारी नोटीस आली म्हणून पेढे घेऊन येणारा पक्षकार मी त्या दिवशीच पाहिला.

देवबागचे काका. "बाईनू, घर रेग्युलर झाला," म्हणत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला. तिसऱ्या ओळीत 'रेग्युलेटेड' या शब्दाखाली हिरव्या पेनने दोन रेघा मारलेल्या. रेघा मुलाच्या. तो एका खात्यात कंत्राटी कामाला. 'आम्हाला रेग्युलराइज करा' अशी निवेदनं देऊन थकलेला. त्या घरात या शब्दासाठी नवस बोलले गेले असणार.

पत्रात एवढंच होतं की जागा सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेखाली रेग्युलेटेड आहे, तेव्हा बांधकामाचे कागद सादर करा. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. भरतीचं पाणी आत चढतं तिथवर खाडीकाठही या नियमांत येतो. ही बंधनं १९९१ पासूनची आहेत. अधिसूचना २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने निघाल्या, पण त्यातलं 'रेग्युलेशन' म्हणजे घराला मान्यता नव्हे.

काकांना मी डोक्यावरचा पंखा दाखवला. त्याचा रेग्युलेटर वारा किती सोडायचा ते ठरवतो. पंखा मुळात नीट बसवला होता का, याची चौकशी तो करत नाही. रेग्युलेट करणं म्हणजे काय चालेल, किती चालेल याची हद्द घालून तिच्यावर लक्ष ठेवणं. रेग्युलराइज करणं मागाहून येतं: नियम सोडून काहीतरी होऊन गेलेलं असतं, ते नियमात बसवून घ्यायचं, तेही कायदा वाव देत असेल तरच. म्हणजे रेग्युलराइज करायची वेळ बहुधा रेग्युलेशन चुकवलेल्यावरच येते! मराठीतही 'नियमन' आणि 'नियमित करणे' इतके सख्खे शेजारी आहेत की गोंधळ व्हायचाच. मुलाच्या बाबतीतही हा शब्द फसवाच. रेग्युलराइज म्हणजे कायम करणं नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या २००६ च्या उमादेवी खटल्यात स्पष्ट केलं आहे.

काकांनी पेढ्यांचा पुडा हळूच स्वतःकडे ओढला. "मगे पाडतले काय?"

तसंही पत्रात नव्हतं. २०१९ ची अधिसूचना स्थानिकांना राहत्या घरात होमस्टे करू देते, फक्त जोतं आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. काकांचं जुनं घर आजोबांच्या वेळचं. पर्यटकांसाठीच्या दोन खोल्या मात्र मागाहून समुद्राच्या बाजूला काढलेल्या. गोम तिथे होती.

"तर मग रेग्युलराइज करा, असा लिवा नी," काका म्हणाले.

ते मी लिहिलं नाही. तसा अर्ज करणं म्हणजे बांधकाम बेकायदा आहे हे आपणच लिहून देणं, आणि एकदा दिलेलं सहजासहजी मागे घेता येत नाही. जुन्या घराचे १९९१ पूर्वीचे घरपट्टीचे उतारे आधी काढायला सांगितले, भरतीरेषेपासून खोल्यांपर्यंतची मोजणी करून घ्यायला सांगितली आणि उत्तरासाठी मुदत मागणारं दोन ओळींचं पत्र टाइप केलं. त्यात दोन्ही शब्द येऊ दिले नाहीत.